अप्पांचं खाकरणं

माझा भाऊ गेल्याची बातमी मला भाजीच्या गाड्यापाशी कळली. हैदराबादेत, नल्लकुंट्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी दोसकाया, म्हणजे पिवळ्या काकड्या, निवडत उभी होते. शेजारच्या फ्लॅटमधली पोरगी फोन पुढे धरत म्हणाली, "आंटी, ये आपके भाई हैं क्या?" फोनवर सुगतचा फोटो होता, कृष्णधवल, अर्धा चेहरा काळोखात. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की अंधाराचा कवी अंधारात विलीन झाला. हॉस्पिटलमधून मला फोन यायच्या आत त्याच्या कॅमेरामनने ते वाक्य जुळवलं होतं, त्याला शोभेलसा फोटो निवडला होता आणि साऱ्या जगाला पाठवूनही दिला होता. सख्ख्या बहिणीला आणि काचीगुड्याच्या घरात बसलेल्या म्हाताऱ्या बापाला कळवायचं तेवढं राहून गेलं होतं. मी हातातली दोसकाया गाड्यावर परत ठेवली आणि भाजीवाल्याला म्हणाले, "नक्को भाई, बाद में आती."

आता काही आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, म्हणाले, "ताई, बहिणीच्या नजरेतून काहीतरी हृद्य लिहा." मी जामबागेतल्या शाळेत गणित शिकवते, हृद्य लिहायचा मला सराव नाही. शिवाय सुगतवर हृद्य लिहिणाऱ्यांची एवढी गर्दी उसळली आहे की त्यात मी आणखी कुठे शिरू? त्याच्या "काळ्या मानसशास्त्रीय शैली"वर, "मनाच्या तळघरा"वर, "बालपणीच्या जखमे"वर लोक रोज काहीबाही लिहितायत. तळघर म्हणे! आमचं काचीगुड्याचं घर स्टेशनामागच्या गल्लीत आहे, रस्त्यापेक्षा वीतभर उंच. पाऊस झाला की गल्लीचं पाणी आत येतं. तळघर काढायला गेलो असतो तर विहीर झाली असती.

ज्यांनी त्याचे सिनेमे पाहिलेले नाहीत, म्हणजे जवळपास सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी सांगते. सुगत स्वतंत्र दिग्दर्शक होता. म्हणजे पैसे लावणारा कुणी नाही, ओळखीचा नट नाही, गाणं नाही आणि थिएटरही नाही. त्याचे सिनेमे वेगवेगळ्या गावांतल्या महोत्सवांत फिरायचे, तिथे काळे कुर्ते घातलेली माणसं ते पाहायची आणि संपल्यावर बराच वेळ गप्प बसायची. सिनेमात काय असायचं? एक खोली. एक झिरोचा बल्ब. एक माणूस, बहुतेकदा भिंतीकडे तोंड करून. त्याच्या श्वासाचा आवाज. मग दाराबाहेर कुणाची तरी चाहूल. मग पुन्हा श्वास. मी एकदा त्याला म्हटलं होतं, "सुगत, अंधार करायला अक्कल लागत नाही रे, फ्यूज उडाला तरी होतो." त्याने ते वाक्य पुढे एका मुलाखतीत स्वतःचं म्हणून वापरलं, अर्थ उलटा करून. त्याच्या सिनेमात दोन दोन तास कुणी घासभर अन्न खात नसे, आणि हा गृहस्थ दर रविवारी माझ्याकडे येऊन भाकरीवर खट्टी दाल ओतून घ्यायचा आणि दुसऱ्यांदा वाढ म्हणायचा.

त्याची काम करायची रीत मी जवळून पाहिली आहे, कारण तिचा उपद्रव घरच्यांनाच जास्त. नटांना तो आधी काही सांगायचा नाही. अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवायचा, मग हळूच जवळ जाऊन विचारायचा, "तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" माणूस बोलायला लागला, रडायला लागला की कॅमेरा आधीपासून चालू असायचाच. एका कॉलेजातल्या मुलीला त्याने असं रडवलं होतं. ती थरथरत होती आणि हा बोट वर करून सगळ्यांना गप्प बसवत होता. शेवटी मीच पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये घुसले, शॉट बिघडला, आणि पुढे महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. मलाही त्याने एकदा तोच प्रश्न विचारला होता, मी पोळ्या लाटत असताना, खिशातला रेकॉर्डर चालू करून. मी म्हटलं, "महिनाअखेरीला सिलिंडर संपायची." त्याचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना.

त्या रेकॉर्डरवरूनच पुढचं सगळं झालं. पहिल्या सिनेमाच्या वेळी तो घरभर ते यंत्र घेऊन हिंडत होता. कुकरची शिट्टी, स्टेशनातली गाड्यांची घोषणा, पत्र्यावरून चालणारं मांजर, सगळं भरून घेत होता. आणि त्यात त्याने अप्पांचं खाकरणं भरून घेतलं.

अप्पा म्हणजे आमचे वडील. नांदेडकडचे, तरुणपणी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागले आणि कायमचे हैदराबादचे झाले. आता ऐंशीच्या पुढे आहेत. आमच्या लहानशा घरात दारांपेक्षा पडदे जास्त. म्हणून अप्पांनी एक पद्धत ठेवली होती. कुठल्याही खोलीत जायच्या आधी ते बाहेर उभे राहून खाकरायचे, दोनदा, हलकेच. आतून "या" आलं की मगच पाऊल टाकायचे. आई असो, मी असो, चड्डीतला सुगत असो. एवढ्याशा पोराच्या खोलीत शिरताना परवानगी घेणारा बाप मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या नात्यातले लोक त्यावरून अप्पांची चेष्टा करायचे. "पार्सल आलंय, दार उघडा" म्हणायचे. अप्पा हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा खाकरायचे.

सिनेमाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? पहिला खेळ हैदराबादलाच एका छोट्या हॉलमध्ये होता. आई तेव्हा हयात नव्हती. अप्पा इस्त्रीचा सफारी घालून पुढे बसले होते, मागे काचीगुड्याचे दोन रांगा भरून नातेवाईक. पडद्यावर काळोख. त्यात एक लहान मुलगा, पाय पोटाशी घेऊन बसलेला. समोर बंद दार. बराच वेळ काही होत नाही... आणि मग दाराबाहेरून खाकरण्याचा आवाज. दोनदा, हलकेच. पडद्यावरचं पोर भिंतीला चिकटलं, त्याने तोंडात मूठ कोंबली. आणि मागच्या दोन रांगांमधली सगळी डोकी अप्पांकडे वळली. आमच्या माणसांना तो आवाज कुणाचा ते सांगावं लागत नव्हतं. अप्पांचा हात आपोआप गळ्याशी गेला. सिनेमाभर तो बाप दिसत नाही, नुसता खाकरतो, आणि प्रत्येक वेळी पोर अधिकाधिक मरतं. एवढाच तो सिनेमा आहे. बाहेर आल्यावर सुगतने विचारलं, "कसा वाटला अप्पा?" अप्पा म्हणाले, "चांगला आहे. आवाज साफ आलाय." त्या दिवसानंतर अप्पा खाकरायचे थांबले. दाराबाहेर नुसते उभे राहायचे, कुणाचं लक्ष जाईपर्यंत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण नंतर कुठल्याशा महोत्सवात त्याला कुणीतरी विचारलं, हा अंधार तुमच्यात कुठून येतो? त्याचा व्हिडिओ मी पाहिला आहे. सुगत मान खाली घालतो, चष्मा काढतो, आणि म्हणतो, "घरातून. आमच्या घरात एक खोली होती..." आणि थांबतो. बस्स, एवढंच. पुढचं लोकांनी स्वतः भरून घेतलं. क्रूर बाप, कोंडलेलं पोर, काळी खोली. पुढे जन्मभर त्याने ते अर्धं वाक्य विकलं. ती खोली म्हणजे आमची सामानाची खोली, जिच्यात तांदळाचा डबा, पत्र्याच्या पेट्या आणि बाजूच्यांच्या सीताफळाच्या झाडावर उघडणारी भलीमोठी खिडकी आहे. परीक्षेच्या दिवसांत आम्ही तिथे अभ्यासाला बसायचो, कारण घरात सगळ्यात जास्त उजेड तिथेच.

मी त्याला धरलं. रविवारीच, ताटावर. म्हटलं, "अप्पांनी तुला कोंडलं होतं?"

"मी कोंडलं असा शब्द उच्चारलेला नाही, ताई."

"मग सांग ना, नाही कोंडलं म्हणून."

"ते कसं सांगू? कुठून येतं ते मला माहीत नाही म्हटलं की लोक उठून जातात. त्यांना काहीतरी घडलेलं लागतं."

"आणि अप्पांचं काय?"

"अप्पांना कळतं गं, तो सिनेमा आहे म्हणून." आणि ताट पुढे केलं. "दाल वाढ."

अप्पांना कळत होतं, गल्लीला कळत नव्हतं. बाजूच्यांचा नातू अप्पांकडे यायचा, अप्पा त्याला कागदाच्या आगगाड्या करून द्यायचे. एके दिवशी त्याची आजी मोलकरणीला म्हणाली, "बच्चे कू उधर नक्को छोडो, बुड्ढे का कुछ भरोसा नई." अंगणात अप्पा आणि मी, दोघंही उभे होतो. अप्पांनी ऐकलं. हातातला कागद त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "चहा घेणार का?" मला त्या दिवशी सुगतची जी चीड आली ती तो गेल्यावरही कमी झालेली नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असं सांगणाऱ्यांनी आधी जिवंत माणसाचं काय करायचं ते सांगावं.

एक मात्र लिहायला हवं, नाहीतर मीही त्याच्यासारखीच अर्धं वाक्य विकणारी ठरेन. सुगत लहानपणी अंधाराला फार घाबरायचा. अप्पा त्याला झोप लागेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायचे, पाठ आमच्याकडे, बाहेरच्या दिव्याच्या उजेडात पेपर वाचत. सुगतच्या तिसऱ्या सिनेमात नेमका तोच शॉट आहे. अंधारी खोली, उघडं दार, दारात बसलेल्या माणसाची काळी पाठ आणि तिच्या कडेने येणारा पिवळा उजेड. शॉट संपतच नाही. समीक्षकांनी त्याला पहारेकऱ्याची दहशत वगैरे म्हटलं आहे. मी महोत्सवातल्या खेळात ती पाठ पाहिली आणि लगेच ओळखली. म्हणजे या नालायकाला सगळं आठवत होतं. रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग जास्तच आला.

घरी आम्ही बौद्ध पद्धतीने पुण्यानुमोदन केलं, साधंच. भन्ते आले, वंदना झाली, माणसं जेवून गेली. त्यानंतर त्याच्या सिनेमावाल्या मित्रांनी वेगळी शोकसभा ठेवली. हॉलमधले अर्धे दिवे मुद्दाम बंद केले होते. ऐंशी पार केलेल्या अप्पांना पायरी दिसत नव्हती, पण वातावरण राखायचं होतं ना. सूत्रसंचालन श्रीनिवास नावाचे एक गृहस्थ करत होते. ते कुठेसे सिनेमा शिकवतात आणि सुगतवर पुस्तक लिहितायत. बोलता बोलता त्यांनी माइक थेट अप्पांच्या हातात दिला आणि अगदी मृदू आवाजात म्हणाले, "अंकल, आज आप उस कमरे के बारे में कुछ कहना चाहेंगे?"

मला वाटलं, संपलं एकदाचं. आता अप्पा सांगतील. इतक्या वर्षांचं एका वाक्यात पुसून टाकतील. अप्पांनी माइक तोंडाला अगदी चिकटवला. "हौ," ते म्हणाले. "डालते थे हम उसकू. उस कमरे में... बंद करते थे. अंधेरा रहता था." आणि खाली बसले. हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. मग टाळ्या वाजल्या. बापाने पोराला कोंडलं म्हणून टाळ्या! श्रीनिवासांनी वाकून अप्पांचे पाय धरले, त्यांच्या धैर्याबद्दल.

रिक्षात बसल्या बसल्या मी विचारलं, "अप्पा, खोटं का बोललात?" अप्पा रोज सकाळी पंचशील म्हणतात. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. तोंडाने म्हणतात तसंच ते जगले आहेत, पार्सल ऑफिसात असूनसुद्धा.

 अप्पा म्हणाले, "मी नाही म्हणलो असतो तर लेकरू खोटं पडलं असतं, बाई. त्याला आता जवाब देता येत नाही. मला येतो. म्हणून मी दिला."

"आणि तुमचं नाव?"

"माझ्या नावाला कोण विचारतंय? त्याच्यावर पुस्तक निघणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचीगुड्यालाच होते. अप्पा वंदनेला बसले. पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं... चौथ्यापाशी थांबले. मी स्वयंपाकघरात हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. मग त्यांनी चौथं सोडून पाचवं म्हटलं.

पुढच्या आठवड्यात श्रीनिवास मंडळी खोलीचे फोटो काढायला येणार होती. मी शाळेतून थेट गेले, म्हटलं दारातूनच हाकलते. जाऊन बघते तर अप्पांनी सामानाची खोली तयार करून ठेवलेली. पेट्या मागच्या अंगणात काढल्या होत्या. सीताफळाकडची खिडकी बंद करून तिच्यावर सतरंजी टांगली होती. बल्ब काढून झिरोचा लावला होता. आणि त्या दाराला, ज्याला जन्मात कधी कडी नव्हती, एक कडी लावलेली होती, चांगली गंजलेली. सुताराला सांगून भंगारातून जुनी मागवली होती, नवी दिसायला नको म्हणून. पोराने आयुष्यभर सिनेमे काढले, पण त्याच्या सिनेमासाठी अप्पांनी केलेलं हे पहिलंच काम. मी कडीकडे नीट पाहिलं आणि त्यांना हाकलायचा बेत सोडला. म्हटलं, बघू या. एवढे मनाचे जाणकार येतायत, एकाच्या तरी लक्षात येतंय का.

ते आले. खोलीत शिरले, भिंतींवरून हात फिरवले. कॅमेऱ्याने कडीचे फोटो काढले, जवळून, लांबून, एकाने खाली आडवं पडून. मग श्रीनिवास म्हणाले, मला थोडा वेळ आत एकट्याला बसू द्या, सुगतने जे भोगलं ते मला अनुभवायचं आहे. आत गेले, दार लोटलं, आणि कडी घातली. खट्टकन आवाज आला. बाकीचे बाहेर माना खाली घालून उभे राहिले.

एवढ्यात अप्पा चहाचा कप घेऊन आले. बंद दारासमोर थांबले. थोडा चहा बशीत सांडला होता. आणि पहिल्या सिनेमानंतर प्रथमच, माझ्या कानांनी ऐकलं, अप्पा खाकरले. दोनदा, हलकेच. आणि "या" येण्याची वाट बघत उभे राहिले.

आतून कडी निघाली. श्रीनिवास बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने भरलेले. "अंकल... वो आवाज़! मेरे रोंगटे खड़े हो गए."

"चाय लाया था बेटा," अप्पा म्हणाले. "ठंडी हो री."

ते फोटो एका इंग्रजी मासिकात छापून आले आहेत. कडीचा तर पानभर मोठा आहे, तुमच्यातल्या काहींनी पाहिलाही असेल. पुन्हा एकदा काढून बघा. कडी दाराच्या आतल्या बाजूला आहे. आत कोंडलेलं पोर हात वर करून केव्हाही उघडेल अशी. सुताराला जागा अप्पांनीच बोटाने दाखवली होती. कोंडायचं तर कडी बाहेरून लागते, हे त्यांना सुचलंच नाही, कारण आयुष्यात त्यांनी कधी कुणाला कोंडलेलं नाही. आणि त्या थोर अभ्यासकाने स्वतःच्या हाताने ती आतून घातली, स्वतःच्या हाताने काढली, डोळे पुसले, तरी त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. मनाचा तळ गाठणाऱ्या या मंडळींना दाराचं आत-बाहेर कळत नाही. सुगतला कळलं असतं. शॉटसाठी त्याने कडी बाहेर लावून घेतली असती आणि वर सुताराला शिव्या दिल्या असत्या.

त्या संध्याकाळी अप्पांनी मला विचारलं, "कडी बरोबर बसलीय ना गं? पटलं ना त्यांना?" मी म्हटलं, "पटलं, अप्पा." त्यांना बारीक अक्षर आता दिसत नाही, रविवारची पुरवणी मीच वाचून दाखवते. या रविवारी हे पान मी गाळणार आहे. ज्यांनी हे वाचायला हवं त्या सिनेमावाल्यांना मराठी वाचता येत नाही. हैदराबादेत मराठी वाचणारे जे थोडे उरलेत, त्यांच्यातले बरेच त्या पहिल्या खेळाला माझ्या मागच्या दोन रांगांत बसले होते. हे त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

पेट्या पुन्हा खोलीत गेल्या, सतरंजी मी उतरवली, खिडकी उघडली. कडी तेवढी तशीच आहे, अप्पा काढू देत नाहीत. रोज सकाळी ते डब्यातले तांदूळ काढायला त्या खोलीकडे जातात. दार उघडंच असतं, आत कुणी नसतं. तरी ते उंबऱ्याबाहेर थांबतात, दोनदा खाकरतात, थोडी वाट बघतात, आणि मगच आत पाऊल टाकतात.